नबींच्या गोष्टींचा प्रकल्प-खोका : तीन महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीजवळच्या एका दुकानातून हा खोका घेतला. किंमत १,३५० रुपये. आत दहा नबींच्या, म्हणजे अल्लाहच्या प्रेषितांच्या, गोष्टी, प्रत्येकाची छोटी पुस्तिका, आणि सगळे मिळून बारा हस्तप्रकल्प. आम्ही माहीमला राहतो. थोरली नऊ वर्षांची आहे आणि घरीच शिकते, धाकटा सहा वर्षांचा. आठवड्यातले दोन दिवस दुपारी आम्ही तिघं या खोक्यासाठी ठेवले.

कुरआनात नावानिशी पंचवीस नबी येतात, इथे दहाच आहेत. या वयाला तेवढे पुरेत.

सगळ्यात आधी आवडलं ते हे, की कुठल्याच नबीचं चित्र काढलेलं नाही. तरीही पानं रिकामी वाटत नाहीत. यूसुफ अलैहिस्सलाम (‘त्यांच्यावर शांती असो’) यांच्या गोष्टीत फक्त त्यांचा सदरा दिसतो. भावांनी खोटं रक्त लावून वडिलांना दाखवलेला सदरा एका पानावर, आणि शेवटी ज्याच्या स्पर्शाने वडिलांची, याकूब अलैहिस्सलाम यांची, गेलेली दृष्टी परत आली तो सदरा दुसऱ्या पानावर. फेल्टच्या कापडाचे दोन्ही सदरे मुलांनीच कापून चिकटवायचे. धाकट्याने दुसरा सदरा चिकटवण्याआधी हाताने सारखा केला. ‘अब्बांच्या डोळ्यांवर ठेवायचाय ना,’ म्हणाला.

याच गोष्टीतला धान्याचा प्रकल्प मात्र फिका आहे. सात लठ्ठ गायी, सात रोड गायी, आणि पिवळ्या चकचकीत कागदाची कणसं. राजाला पडलेल्या या स्वप्नाचा अर्थ सांगताना यूसुफ अलैहिस्सलाम म्हणतात, कापलेलं धान्य खाण्यापुरतं सोडून बाकीचं कणसातच राहू द्या. कणसातच का, यावर पुस्तिकेत एक ओळही नाही. माझ्या आईचं माहेर श्रीवर्धनकडचं. नानीच्या घरी बांबूची, शेणाने सारवलेली कणगी असायची आणि तिच्यात तुसासकट भात ठेवलेलं असायचं, सडलेला तांदूळ नव्हे. लागेल तेवढंच सडायचं. मी मामांकडून पिशवीभर भात मागवलं. एका बरणीत भात, दुसरीत बाजारातला पांढरा तांदूळ, दोन्हींवर फडकं बांधलं. माहीमच्या पावसाळी दमट हवेत तांदळात जुलैअखेर पोरकिडे फिरू लागले. भात तसंच होतं. थोरलीने एक दाणा नखाने सोलला, तूस वेगळं केलं आणि वहीत लिहिलं : ‘दाण्याला त्याचं घर सोडायला लावायचं नाही.’ हे काम खोक्यात असायला हवं होतं. खर्च जवळजवळ काहीच नाही.

आता महापूर आणि नौकेच्या गोष्टीतल्या नूह अलैहिस्सलाम यांच्याकडे येते, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. नौकेच्या संचात चोचीत पान धरलेलं कबूतर आहे आणि नौका टेकते त्या डोंगराचं नाव अरारात छापलंय. कबूतर बायबलमधल्या गोष्टीत येतं, कुरआनात नाही. कुरआनातल्या सूरह (अध्याय) हूदमध्ये नौका जूदी डोंगरावर थांबते. बायबलची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते, आमच्या शेजारच्या घरात तीच सांगितली जाते. पण कुठली गोष्ट कुठल्या ग्रंथातली, हे मुलांना स्पष्ट कळलं पाहिजे. पैसे घेऊन विकलेल्या पुस्तिकेत तर ही गल्लत नकोच.

त्याहून मोठी उणीव म्हणजे नूह यांचा मुलगा गाळलाय. बाप नौकेतून हाक मारतो, मुलगा म्हणतो मी डोंगरावर चढेन, तो मला वाचवेल, आणि दोघांच्या मध्ये लाट येते. लहान मुलं घाबरतील म्हणून गाळला असावा. मी सांगितला. परातीत शाडूचा डोंगर केला, आइस्क्रीमच्या काड्यांची नौका बांधली (कुरआनात तिला फळ्या आणि खिळ्यांची म्हटलंय) आणि तांब्याने पाणी ओतत गेलो. शिखर बुडेपर्यंत दोघं काही बोलली नाहीत. मग थोरलीने विचारलं, ‘साडेनऊशे वर्षं सगळ्यांना समजावलं, आणि घरातलाच नाही ऐकला?’ कुरआनात ‘हजारात पन्नास कमी’ असं येतं, तो हिशेब तिने आदल्या दिवशीच केला होता. मी तिला जवळ घेतलं. त्या दुपारी पुढचा प्रकल्प काढला नाही.

यूनुस अलैहिस्सलाम यांचा संच मात्र अप्रतिम. रात्रीचा, समुद्राचा आणि माशाच्या पोटातला असे तीन अंधार दाखवायला तीन गडद जिलेटिन कागद दिलेत. टॉर्चवर एकेक ठेवत जायचं, उजेड विझत जातो. तिसरा ठेवला की त्यांची दुआ म्हणायची : ‘ला इलाह इल्ला अन्त सुब्हानक इन्नी कुन्तु मिनज़्ज़ालिमीन.’ धाकट्याला ती तिथेच पाठ झाली. किनाऱ्यावर आजारी पडलेल्या यूनुस यांच्यावर अल्लाहने वेल उगवला, म्हणून सोबत दुधीच्या चार बिया आहेत. तुपाच्या रिकाम्या डब्यात लावल्या, दोन उगवल्या. वेल खिडकीच्या ग्रिलवर चढलाय. पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) नमाजाच्या सुमारास, हे मुलांनीच शोधून काढलं.

भाषेचं राहिलं. सगळा मजकूर इंग्रजी आणि उर्दूत, दुआ अरबीत आणि रोमन लिपीत. आमच्यासारख्या कोकणी मुसलमान घरांत मुलं मराठीत विचार करतात, मराठीत भांडतात. कुरआनची तफसीर, म्हणजे भाष्य, लिहिणारे मखदूम अली माहिमी याच माहीमचे, १४३१ साली त्यांचं निधन झालं. त्यांच्या दर्ग्यापासून चालत पाच मिनिटांवरच्या घरात मला रोज रात्री दुसऱ्या दिवसाची दोन पानं मराठीत लिहून ठेवावी लागतात. एक मराठी पुस्तिका घालणं प्रकाशकांना अवघड नाही. दुकानदारांना मी तसं सांगून आले.

घ्यावा का? घ्या, पण नूह यांची पुस्तिका मुलांच्या हाती देण्याआधी सूरह हूद आणि सूरह नूह स्वतः वाचा. गोंद खोक्यातला वापरू नका, चिकटत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलात तर सुरुवात यूनुस यांच्यापासून करा, बिया जूनमध्येच मातीत गेलेल्या बऱ्या.