स्टेशनजवळचा नाण्यांचा अल्बम: घ्यावा का?

ठाणे स्टेशनबाहेर स्टेशनरीच्या दुकानांत दोन-अडीचशेला मिळणारा हा अल्बम सुट्ट्या पैशांतून नाणी वेचणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण अर्धाच. खिसे २७ मिमीच्या दहा आणि वीसच्या नाण्यांना पुरतात. चार खिशांची ओळ टांकसाळीनुसार लावायला सोयीची: सालाखाली चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच खूण नसेल तर कोलकाता. १९९९चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं अजून कधीमधी भाजीवाल्याच्या गल्ल्यात निघतं.

खरी गडबड प्लास्टिकची. उघडताच नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला, तर तो पीव्हीसी, म्हणजे मऊ प्लास्टिकचा एक प्रकार. त्याने दमट हवेत, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर, नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो; नेलपॉलिश रिमूव्हर नको, चिंच-लिंबू तर अजिबात नको, कारण घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाहीत. नाणी आधी मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक फिल्मच्या) खिडकीच्या पुठ्ठ्यात घालावीत. पुठ्ठ्याची पिन मात्र दाबून सपाट करावी, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा.

नोटांची पानं जेमतेम ७० मिमी उंच. नवी शंभरची नोट ६६ मिमी, आरामात बसते. जुनी ७३ मिमीची, तिची कड दुमडते. क्रमांकात ताऱ्याची खूण असलेली (म्हणजे छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी काढलेली) जुनी शंभरची करकरीत नोट मिळाली, तर ती इथे कोंबू नका. नाण्यांपुरता घ्या, तोही वास घेऊनच.