मॅस्टोडॉन की ब्लूस्काय: घाण कोण उपसणार?

मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय, दोन्ही एक्ससारखी सोशल नेटवर्कं. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक स्वतंत्र सर्व्हर, आणि प्रत्येक सर्व्हरचा ॲडमिनच तिथला फौजदार. उपद्रवी सर्व्हर दिसला की त्याच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवरून हटवायच्या, नाहीतर संबंधच तोडायचे. 2019 मध्ये द्वेषपूर्ण मजकुरामुळे बदनाम झालेलं गॅब हे सोशल नेटवर्क मॅस्टोडॉनच्याच कोडवर आलं. कोड मुक्त, त्यामुळे कुणाला अडवता येईना. पण एकेका ॲडमिनने दार लावलं आणि गॅब वाळीत पडलं. मात्र यात सुक्याबरोबर ओलंही जळतं. संबंध तुटले की त्या सर्व्हरवरचे भले लोकही तुमच्या फॉलोअर यादीतून जातात. शिवाय ॲडमिन बरेचदा हौशी. तक्रारी वाचणार कधी, तर नोकरी सांभाळून.

ब्लूस्कायने 2024 मध्ये लेबलर आणले. ओझोन हे मुक्त साधन वापरून कुणीही पोस्टवर शिक्के मारण्याची सेवा चालवावी. ती घ्यायची का, शिक्का असलेली पोस्ट लपवायची की नुसता इशारा हवा, हे वापरणाऱ्याने ठरवावं. कागदावर झकास! पण अधिकृत ॲपमध्ये कंपनीचा स्वतःचा लेबलर बंद करता येत नाही. आणि तुम्ही लपवलेली शिवीगाळ बाकीच्यांना दिसू शकतेच.

मराठी शिव्यांमधली खोच मराठी माणसालाच कळणार. छोट्या मराठी गटासाठी मी तरी मॅस्टोडॉनच घेईन, फक्त ॲडमिन दोघे-तिघे हवेत.