अकरा पावलं आणि एक दिवा : होम असिस्टंट चौदा महिने वापरून

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. काचबिंदूमुळे त्यांना कडेचं कमी दिसतं आणि रात्रीतून दोनदा तरी त्या उठतात. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं आहेत, मध्ये एक उंबरा. त्या अकरा पावलांपुरता उजेड आपोआप व्हावा, एवढ्याच कारणासाठी मी घरातले दिवे आणि सेन्सर आपोआप चालवणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरच्या वाटेला गेले. मोबाइलवरून एसी लावणं किंवा बोलून पडदे सरकवणं यातलं मला काही नको होतं. त्यामुळे हे परीक्षण त्या एका दिव्याच्या बाजूने लिहिलेलं आहे, हे आधीच सांगते.

आमचं घर नाशिकरोडला, १९९६ साली बांधलेलं. होम असिस्टंटच्या आधी आम्ही एका कंपनीकडून तयार संच बसवून घेतला होता. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. काचेचे टच पॅनल, दोन सेन्सर, एक ॲप. पहिले चार महिने छान गेले. मग जून महिन्यात एका रात्री पावसाने इंटरनेट गेलं. घरात वीज होती, वायफाय होतं, बल्ब चांगला होता, सेन्सरही चांगला होता. तरी दिवा लागला नाही. कारण सेन्सरला पायांची चाहूल लागली की तो निरोप आधी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जायचा आणि तिथून परत आमच्या बल्बला यायचा. दहा फुटांवरच्या दिव्यासाठी एवढा वळसा! आईंनी भिंत चाचपली, पण काचेच्या गुळगुळीत पॅनलवर बटन हाताला लागेना. वर्षानुवर्षं त्या डावीकडचं खालचं बटन बोटाने ओळखून दाबत आल्या होत्या. उंबऱ्याला ठेच लागली आणि अंगठ्याचं नख उलटलं. ते पाहून मला फार वाईट वाटलं, कारण ते पॅनल मीच निवडले होते.

त्यानंतर दोन गोष्टी मी पक्क्या ठरवल्या. घरातला निरोप घरातच फिरला पाहिजे आणि भिंतीवर जुनाच खटका राहिला पाहिजे.

होम असिस्टंट या दोन्हीत बसतं. २०१३ साली पाउलस शाउटसन यांनी ते लिहायला घेतलं आणि आज ते ओपन होम फाउंडेशन या संस्थेकडे आहे. सॉफ्टवेअर मोफत, मुक्त स्रोताचं. आपल्या घरातल्या एका छोट्या संगणकावर ते चालतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे, सेन्सर, पंखे एकाच ठिकाणी आणतं. बाहेरून फोनवर बघायचं असेल तर त्यांची पैसे भरून घ्यायची सेवा आहे, पण ती घेतलीच पाहिजे असं नाही. मी घेतलेली नाही. माझं सगळं रास्पबेरी पाय ४ नावाच्या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') चालतं, आणि त्याला मेमरी कार्डाऐवजी छोटी एसएसडी, म्हणजे जास्त टिकणारी डिस्क, लावली आहे. हे सॉफ्टवेअर दिवसभर नोंदी लिहीत असतं, त्या सततच्या लिहिण्याने मेमरी कार्ड लवकर थकतं. एसएसडीवर खर्च करताना मागेपुढे पाहू नका.

आता वायरिंगबद्दल. प्रोग्रॅमिंगपेक्षा माझे जास्त दिवस इथेच गेले.

खटका तसाच ठेवून त्याच्या मागे, बोर्डाच्या आत, काडेपेटीएवढं रिले मॉड्यूल, म्हणजे निरोप आला की वीज चालू-बंद करणारी डबी, बसवायचं असतं. खटका दाबला तरी दिवा लागतो आणि सेन्सरने सांगितलं तरी लागतो. स्मार्ट बल्ब मी मुद्दाम टाळला, कारण आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना बटन बंद करायची सवय सगळ्यांना आहे (ती चांगलीच आहे). बटन बंद झालं की स्मार्ट बल्बला वीजच मिळत नाही, मग सेन्सर काय करणार? मॉड्यूलला मात्र चालायला फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्ही लागतात. आमच्या वायरमन काकांनी बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि म्हणाले, "ताई, ह्यात न्यूट्रल आलेलाच नाही. नुसता फेज आणि दिव्याकडे गेलेल्या वायरी."

जुन्या घरांत हे हमखास निघतं. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतो, कारण सॉकेटला तो लागतोच. नुसती बटनं असलेल्या बोर्डात बहुतेक वेळा नसतो, न्यूट्रल परस्पर छतातून दिव्याला गेलेला असतो. काकांनी पाइपमधून नवी वायर ओढून पाहिली, पण पाइप कुठेतरी प्लास्टरने बुजला होता. म्हणून तिथे न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल घेतलं. ते बसवलं त्या रात्री एक विचित्र प्रकार झाला. दिवा बंद केला तरी बल्ब काजव्यासारखा मिणमिणत राहिला आणि मधूनच लुकलुकायचा. असं मॉड्यूल स्वतः जिवंत राहण्यासाठी बल्बमधूनच थोडा करंट ओढतं. जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने काही व्हायचं नाही, पण नऊ वॅटच्या एलईडीला तेवढाही पुरतो. मॉड्यूलबरोबर खोक्यात बहुतेकदा एक लहान कपॅसिटर येतो, तो होल्डरपाशी बल्बला समांतर जोडला की मिणमिणणं थांबतं. आमच्या खोक्यातला तो तुकडा पॅकिंगबरोबर कचऱ्यात गेला होता, वेगळा मागवावा लागला. तेव्हा खोकं टाकण्याआधी उलटं करून पाहा.

ही सगळी जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, मेन स्विच बंद करून. आणि एक आवर्जून सांगते : गिझर अशा छोट्या मॉड्यूलवर टाकू नका. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. मॉड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो बोर्डाच्या बंद डबीत रोज तापत राहील. आमचा गिझर अजून त्याच्या १६ अँपिअरच्या साध्या बटनावर आहे आणि तिथेच राहणार.

सेन्सर झिगबीवर, म्हणजे वायफायसारख्याच पण वेगळ्या बिनतारी पद्धतीवर, चालणारे घेतले. झिगबीसाठी पायच्या मागे पेनड्राइव्हसारखा एक डोंगल लागतो. पहिल्या महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी बाथरूममधला सेन्सर यादीतून गायब व्हायचा. मी सेल बदलले, सेन्सर पुन्हा जोडला, अगदी दुसराही मागवला. दोष डोंगलच्या जागेचा निघाला. तो मी पायच्या निळ्या पोर्टात थेट खोचला होता. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३, आणि त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. झिगबी त्याच पट्ट्यात बोलतं. कानाशी मिक्सर चालू असताना कुणी हळू बोललं तर काय ऐकू येणार? एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, डोंगल काळ्या पोर्टात लावून पाय आणि राउटर दोघांपासून लांब टांगला. तेव्हापासून सेन्सर एकदाही हरवलेला नाही.

पलंगाजवळचा सेन्सर मी जमिनीपासून साधारण दीड फुटावर, खाली तोंड करून लावला. वर लावला होता तेव्हा आई कुशीवर वळल्या तरी दिवा लागायचा आणि त्यांची झोपमोड व्हायची. आता पाय जमिनीला टेकले की भिंतीच्या तळाशी लावलेली एलईडीची पिवळसर पट्टी लागते, तीही पंधरा टक्क्यांवर. उंबरा स्पष्ट दिसतो आणि डोळ्यांवर उजेड येत नाही.

आता प्रोग्रॅमिंग. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशन लिहिणं म्हणजे 'असं झालं, तर, असं कर' हे रकाने भरणं. हालचाल दिसली की बाथरूमचा दिवा लाव, पाच मिनिटं थांब, बंद कर. मी वीस मिनिटांत लिहिलं आणि खूश झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूममधून हाक आली, "अगं, लाईट गेली का?" लाईट गेली नव्हती. आई आत असतानाच दिवा बंद झाला होता.

पुन्हा सेन्सरवर संशय घेतला. पण होम असिस्टंटची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे कामी आली. प्रत्येक ऑटोमेशनचा 'ट्रेस' बघता येतो : किती वाजता सुरू झालं, कुठल्या पायरीवर किती थांबलं, कुठून बाहेर पडलं, सगळं आकृती काढून दाखवतं. त्यात दिसलं की पहिली हालचाल ४ वाजून ५२ मिनिटांनी झाली आणि बरोबर पाच मिनिटांनी, ४ वाजून ५७ मिनिटांनी दिवा विझला. मधल्या पाच मिनिटांत सेन्सरने तीनदा हालचाल कळवली होती. मग त्या गेल्या कुठे? नोंदवहीत तेवढ्याच वेळा एक ओळ होती : 'ऑलरेडी रनिंग'.

म्हणजे झालं असं. ऑटोमेशनचा मोड आपण बदलला नाही तर 'सिंगल' असतो. एक फेरी चालू असताना दुसरा निरोप आला तर तो सोडून दिला जातो. माझं ऑटोमेशन पाच मिनिटं थांबलेलं होतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने चालूच होतं, त्यामुळे आईंची पुढची प्रत्येक हालचाल वाया गेली. मोड बदलून 'रिस्टार्ट' केला. आता प्रत्येक हालचालीला पाच मिनिटांची मोजणी नव्याने सुरू होते. एका शब्दाचा बदल होता, पण तो सापडेपर्यंत मी दोन संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसले होते. हालचालीच्या सेन्सरवर दिवा लावणाऱ्या कुणालाही मी आता पहिल्यांदा हेच विचारते, मोड काय आहे?

तरी एक गोष्ट उरली होती. हे सेन्सर अंगाची उष्णता सरकलेली ओळखतात. माणूस स्थिर बसला की त्यांच्या लेखी खोली रिकामी. म्हणून बाथरूमपुरती पाच मिनिटांची पंधरा केली. आणि खटक्याने हाताने लावलेला दिवा ऑटोमेशनने विझवायचा नाही, ही अट वेगळी घातली. आईंनी स्वतः लावला तर त्यांनीच बंद करायचा.

विजेचं जाणं-येणं हा आपल्याकडचा आणखी एक भाग. राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले, तरी लाईट गेली की पाय रिस्टार्ट व्हायचा आणि तेवढा वेळ सेन्सर मुके. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं छोटं बटन असतं, ते आमचं दुसऱ्या बाजूला होतं. फिरवल्यावर बदल इतका झटकन होतो की पायला कळतच नाही. शिवाय रात्री लाईट आली की दिवाणखान्यातले सगळे दिवे एकदम लागायचे. आमच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'वीज परत आल्यावर काय करायचं' ही सेटिंग आहे, ती 'बंद' वर नेली.

एवढं झाल्यावर थोडी हौसही केली. अंगणातला दिवा सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी लागतो. ठरलेली वेळ घातली नाही, कारण नाशिकला हिवाळ्यात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि आषाढात सव्वासातपर्यंत असतो. आई तुळशीपाशी निरांजन घेऊन जातात तेव्हा पायऱ्या उजळलेल्या असतात. निरांजन त्या स्वतःच लावतात.

खर्चाचं सांगायचं तर संगणक, एसएसडी, डोंगल, तीन सेन्सर, चार मॉड्यूल, पट्टी आणि काकांची मजुरी मिळून मला अठरा हजारांच्या आसपास पडले. आधीच्या तयार संचाला याच्या दुपटीहून जास्त गेले होते. पण इथे पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते, वायरी आणि मीटरची मला भीती नाही, तरी नीट बसायला दोन महिने लागले. दर महिन्याला नवी आवृत्ती येते. मी ती लगेच घेत नाही, काय बदललंय ते वाचते, बॅकअप काढते आणि मगच रविवारी सकाळी घेते. ज्यांच्या घरी असं बसून बघणारं कुणी नाही त्यांना मी हे सुचवणार नाही. त्यांनी सेलवर चालणारा, हालचालीने लागणारा तीन-चारशे रुपयांचा साधा दिवा पलंगाखाली चिकटवावा. त्याला ना वायफाय लागतं ना काही. आमच्याही उंबऱ्यापाशी तसा एक जोडीला लावलेला आहे.

पण घरात कुणी म्हातारं माणूस असेल आणि तुम्हाला स्वतः हात घालायची तयारी असेल, तर होम असिस्टंट जरूर घ्या. या पावसाळ्यात आमचं इंटरनेट पाच वेळा गेलं. पाचही रात्री आईंच्या पायांशी उजेड झाला, आणि इंटरनेट गेलं होतं हे त्यांना सकाळी माझ्याकडून कळलं.

स्वयंपाकघराचा बोर्ड अजून राहिला आहे. तिथेही न्यूट्रल नाही, पण काका म्हणतात तो पाइप मोकळा लागतोय. येत्या शनिवारी ते वायर ओढायला येणार आहेत.