नेस की व्हाइटहेड? आधी कोण वाचावा?

निफाडचा एक द्राक्षबागायतदार मित्र अडलाय: निसर्गाशी नातं समजून घ्यायचं तर ‘डीप इकॉलॉजी’ म्हणजे सखोल पर्यावरणवाद मांडणारा नॉर्वेचा तत्त्वज्ञ आर्ने नेस वाचू, की इंग्रज तत्त्वज्ञ व्हाइटहेडचं प्रक्रिया-तत्त्वज्ञान, म्हणजे जग स्थिर वस्तूंचं नाही, सतत घडणाऱ्या अनुभव-घटनांचं आहे हा विचार?

वाचायला नेस सोपा. त्याने आणि जॉर्ज सेशन्सने १९८४ मध्ये मांडलेली डीप इकॉलॉजीची आठ कलमं चहा संपेपर्यंत वाचून होतात. शिवाय गांधींचा प्रभाव, म्हणून परका वाटत नाही. व्हाइटहेडचा १९२९ चा ग्रंथ म्हणजे लोखंडाचे चणे. त्याआधी व्हाइटहेडचा विचार धर्म आणि पर्यावरणाला लावणारा अमेरिकी धर्मचिंतक जॉन कॉब धरावा.

खरा फरक बागेत कळतो. पानावर भुरी या बुरशीचा पांढरा थर चढला, फवारायचं का? नेसच्या लेखी जगण्याचा हक्क तत्त्वतः सर्वांना सारखा, सूट फक्त जीवनावश्यक गरजेपुरती. आता निर्यातीचा माल ही गरज का, ते तुम्हीच ठरवा! कॉब म्हणतो, मूल्य प्रत्येक जिवाला आहे, पण अनुभवाच्या समृद्धीनुसार कमीजास्त. म्हणजे बुरशी आणि मधमाशी एका पारड्यात नाहीत. मला हे जास्त पटतं. पायऱ्या ठरवणारा पुन्हा माणूसच, एवढं खटकतं.

देवाचं म्हणाल तर नेसचं त्याच्यावाचून अडत नाही. प्रक्रियावाद्यांचा देव हुकूम सोडत नाही, मन वळवतो, जगाचं दुःखही भोगतो.

फवारणीसारखे रोजचे निर्णय असतील आणि श्रद्धाही जपायची असेल, तर कॉबमार्गे व्हाइटहेड. गोदापात्रातल्या काँक्रीटविरुद्ध सह्या गोळा करायच्या असतील, तर नेस पुरे.