व्हर्श : होस्टची उपकरणे गेस्टला देताना

जळगावच्या डाळ मिलमध्ये काय किंवा रावेरकडच्या केळीच्या वखारीत काय, हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, त्याचा परवाना यूएसबी डोंगलमध्ये (संगणकाला लावायच्या छोट्या किल्लीत) असतो आणि भुईकाट्याचे वजन यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरमधून येते. असे विंडोज लिनक्स सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, म्हणून चालवायचे, तर ही उपकरणे होस्टकडून (मूळ सर्व्हरकडून) गेस्टकडे (त्यावरील आभासी संगणकाकडे) सोपवावी लागतात. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरसोबत मोफत मिळणाऱ्या ‘व्हर्श’ या कमांड-लाइन साधनाची पारख मी याच कामावर केली.

त्याची सर्वांत जमेची बाजू म्हणजे हात लावण्याआधी सर्व काही दाखवणे. ‘नोडडेव्ह-लिस्ट’ या कमांडला ट्री हा पर्याय दिला की कोणते उपकरण कोणत्या कंट्रोलरखाली आहे हे उतरंडीने दिसते, आणि ‘नोडडेव्ह-डम्पएक्सएमएल’ त्याचा उत्पादक, ड्रायव्हर व आयओएमएमयू गट (जी उपकरणे होस्टपासून एकत्रच वेगळी करता येतात त्यांचा संच) सांगते. पीसीआय कार्ड (मदरबोर्डवरील खाचेत बसणारे कार्ड) द्यायचे असेल, तर हा गट पाहणे अनिवार्य आहे, कारण त्याच गटातील दुसरे उपकरण होस्टच्या ड्रायव्हरकडे राहिले, तर व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणारे क्यूईएमयू ते सुरूच करत नाही. ‘नोडडेव्ह-डिटॅच’ कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडून काढून व्हीएफआयओकडे, म्हणजे उपकरण गेस्टला देण्यासाठीच्या ड्रायव्हरकडे, देते आणि ‘नोडडेव्ह-रीअटॅच’ ते परत आणते. मात्र ज्या नेटवर्क कार्डावरून आपण धुळ्यात बसून शहाद्याचा सर्व्हर चालवत आहोत तेच कार्ड सोडवले, तरी हे साधन ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही.

यूएसबीच्या बाबतीत माझे मत इतके अनुकूल नाही. डिस्क आणि नेटवर्क इंटरफेस जोडण्यासाठी स्वतंत्र सोप्या कमांड असताना साध्या डोंगलसाठी त्याचे वर्णन करणारी एक्सएमएल फाइल लिहून ‘अटॅच-डिव्हाइस’ला द्यावी लागते. एकाच बनावटीचे दोन कन्व्हर्टर असतील, तर दोघांचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक सारखेच असतात, आणि बस व डिव्हाइस क्रमांकावरून ओळख पटवावी, तर तार काढून पुन्हा लावताच डिव्हाइस क्रमांक बदलतो. शिवाय लाइव्ह (लगेच लागू) आणि कॉन्फिग (कायमची नोंद) हे दोन्ही पर्याय दिले नाहीत, तर चालू मशीनला जोडलेले उपकरण केवळ त्या सत्रापुरते राहते. उन्हाळ्यात वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की काटा दिसत नाही आणि मालाच्या गाड्या दारात खोळंबतात.

एक तरतूद मात्र फार कमी लोक वापरतात. एक्सएमएलमधील ‘स्टार्टअपपॉलिसी’ ऑप्शनल ठेवली, की दिवाणजी डोंगल खिशात घालून आखाजीला गावी गेले, तरी मशीन त्याच्याविना सुरू होते. दुकानात एकच यंत्र असेल, तर व्हर्ट-मॅनेजर या माउसने चालणाऱ्या साधनाच्या खिडकीतून हेच काम कमी कष्टात होते. व्हर्श घ्यावे ते अनेक गावांतले सर्व्हर एसएसएच या दूरस्थ जोडणीवरून, कमजोर इंटरनेटवर सांभाळणाऱ्याने.