पहिलं गाणं गाजल्यावर: कंपनीत राहायचं की बाहेर पडायचं?

विशीच्या आतबाहेर स्वतः लिहिलेलं गाणं गाजतं आणि वर्ष उलटायच्या आत रेकॉर्ड कंपनी म्हणते, ‘आता असंच आणखी एक.’ स्वतःचीच री ओढायची नसेल, तर आत राहून आपली जागा वाढवायची किंवा करार मोडून बाहेर पडायचं. तुम्ही या वळणावर असाल तर ब्रिटनची केट बुश आणि स्वीडनची रॉबिन या दोघी गायिकांची वाटचाल शेजारीशेजारी ठेवून बघा.

केट आत राहिली. पहिलं गाणं कोणतं काढायचं यावरून ती ईएमआय या आपल्या रेकॉर्ड कंपनीशी अडून बसली. तिनं धरून ठेवलेलं गाणं १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. स्वतः लिहून, स्वतः गाऊन तिथवर पोचलेली ती पहिली स्त्री, वय १९. त्याच वर्षी दुसरा अल्बमही निघाला आणि तो घाईत झाल्याची खंत तिला राहिली. पुढे निर्मितीची सूत्रं तिनं हळूहळू स्वतःकडे घेतली. १९८२ चा अल्बम पूर्णपणे तिनं घडवला. खर्च भरमसाट झाला, विक्री घसरली. एवढ्यावर कुणीही कंपनीपुढे मान तुकवली असती. तिनं मात्र घरच्या शेतावरच्या जुन्या कोठारात स्टुडिओ बांधला.

मला तिच्या साऱ्या प्रवासात हाच निर्णय सर्वात मोलाचा वाटतो. भाड्याच्या स्टुडिओत तासातासाचे पैसे मोजावे लागतात आणि घरी केलेला कच्चा नमुना तिथे पुन्हा पहिल्यापासून गावा लागतो. पहिल्या वेळी लागलेला आवाज दुसऱ्यांदा तसाच लागत नाही, हे गाणं करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आता त्या पहिल्या नमुन्यावरच थर चढवत जाता येऊ लागलं. त्यातून आलेला १९८५ चा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलंच एक गाणं २०२२ मध्ये एका मालिकेमुळे, ३७ वर्षांनी, ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. पण ही वाट संथ आहे. १९९३ नंतरचा नवा अल्बम थेट २००५ मध्ये आला. १९७९ च्या दौऱ्यानंतर तिनं पुन्हा स्वतःचे कार्यक्रम केले ते २०१४ मध्ये, लंडनला, २२ प्रयोग.

रॉबिनला आत जागाच मिळेना. १९९७ मध्ये तिची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत होती. १९९९ च्या अल्बममध्ये मात्र तिनं स्वतःच्या गर्भपाताविषयी लिहिलं आणि तो अल्बम अमेरिकेत निघालाच नाही. नंतर तिनं इलेक्ट्रॉनिक वळणाचं गाणं केलं, तेही कंपनीला रुचलं नाही. शेवटी पैसे मोजून तिनं करारातून सुटका करून घेतली आणि २००५ मध्ये स्वतःची ‘कोनिचिवा रेकॉर्ड्स’ काढली. त्या वर्षीचा अल्बम स्वीडनमध्ये पहिला आला, तर २००७ मध्ये तिच्या आवाजातलं गाणं ब्रिटनमध्ये अव्वल ठरलं. परदेशातल्या वितरणासाठी तिनं मोठ्या कंपन्यांशी हातमिळवणी केली, पण गाणं कसं असावं हे आधीच ठरलेलं होतं. २०१० मध्ये एकाच वर्षात तिनं तीन टप्प्यांत अल्बम काढला. झालं तसं लोकांपुढे ठेवायचं, हे मालक स्वतः असल्यावर सोपं जातं.

थांबण्याचाही मार्ग आहे. ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्स १९६७ मध्ये गाजला, पुढे क्षयानं अंथरुणाला खिळला आणि १९७० मध्ये वेगळ्याच, शांत गाण्यांसह परतला. पण ती विश्रांती आजारानं लादलेली होती, तिला योजना म्हणता येणार नाही.

माझं मत सांगतो. तुमचं नवं गाणं कंपनी निदान पुरतं ऐकून घेत असेल, तर राहा आणि पहिल्या कमाईतून गाडीआधी ध्वनिमुद्रणाची खोली उभी करा. नवं गाणं जुन्याच्याच मापानं मोजलं जात असेल, तर दोन वर्षांची कमाई गेली तरी निघा. मात्र बाहेर हिशेब, वितरण, प्रसिद्धी सगळं तुमच्या अंगावर येतं. ते बघणारा एक विश्वासू माणूस आधी शोधा.

निर्णय कोणताही असो, मास्टर म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गीत-संगीताचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. टेलर स्विफ्टच्या जुन्या अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेले. तरीही २०२० च्या अखेरीपासून तिला ती गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित करता आली, कारण ती लिहिण्यात तिचा हात होता आणि तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यावरच्या करारातल्या बंदीची मुदत संपली होती. तुमच्या करारात त्या मुदतीसाठी किती वर्षं लिहिली आहेत, ते सहीआधी वकिलाकडून वाचून घ्या.