फेरुमॉक्सिटॉल: स्ट्रोकच्या एमआरआयला कितपत कामाचं?

मूळचं हे ॲनिमियाचं इंजेक्शन, त्यात सुमारे 30 नॅनोमीटरचे लोहकण. स्ट्रोकच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं औषध) म्हणून याचा वापर मंजुरीबाहेरचा, हे नातेवाइकांना आधीच सांगावं. गुठळी विरघळवायच्या पहिल्या साडेचार तासांत याचं काम नाही. तिथे साधा सीटी किंवा डिफ्यूजन (कॉन्ट्रास्टविना होणारा एमआरआयचा प्रकार) पुरे. खरं मोल कळतं ते किडनी निकामी असून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचा नेहमीचा कॉन्ट्रास्ट, टाळायचं असेल तेव्हा. रक्तातलं अर्धायुष्य सुमारे 15 तास, त्यामुळे रक्तवाहिन्या निवांत टिपता येतात. मॅक्रोफेज पेशींमुळे (लोहकण गिळणाऱ्या संरक्षक पेशी) दिसणारी सूज पाहायची तर स्कॅन 24 ते 72 तासांनी.

17 मिलीच्या व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) 510 मिग्रॅ लोह. लागेल तेवढा डोस 50 ते 200 मिली सलाइनमध्ये मिसळून किमान 15 मिनिटं हळूहळू सोडावा. थेट ढकलला तर ॲलर्जी, रक्तदाब कोसळणं. नंतर अर्धा तास रुग्ण नजरेसमोर हवा.

घोळ होतो तो एसडब्ल्यूआयमध्ये (लोह आणि रक्तस्राव टिपणारा एमआरआयचा प्रकार). आधीचा स्कॅन नसेल तर लोहाचा काळा डाग रक्तस्राव वाटतो. एमआरआयवरचा असर तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून डिस्चार्ज कार्डावर नोंद हवीच. विदर्भातल्या सिकलसेल रुग्णांत वारंवार रक्त चढवून लोह साचलेलं असेल तर हे नकोच. साठवण 20 ते 25 अंशांत. नागपूरच्या मे महिन्यात व्हायल गाडीत विसरू नये.